माती चारला, विमान बंगलोरात

वर्ध्यात विमानाच्या तिकिटांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला लोक तिकिटाबद्दल कमी आणि वेळेबद्दल जास्त विचारतात. "नागपूर-पुना विमानाले किती टाइम लागते जी?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की झोपेतही मी "सव्वा तास" असं पुटपुटतो, असं बायको सांगते. ती माझ्याबद्दल जे सांगते त्यातलं निम्मं खरं असतं. हे त्या निम्म्यातलं आहे.

दिवाळी अंकवाल्यांनी "विमानाच्या धंद्यातले अनुभव लिहा" म्हटलं तेव्हा मी विमानाच्या धंद्यात होतो हे मलाच नव्याने कळलं. माझा सगळा धंदा एका फिरत्या खुर्चीवर झाला, आणि ती फिरायची थांबली त्यालाही जमाना झाला. दुकानाच्या पाटीवर पेंटरने काढलेलं विमान आहे. त्याने त्याआधी फक्त ट्रॅक्टर काढले होते, म्हणून त्या विमानाची मागची चाकं मोठी आहेत. मी स्वतः विमानात बसतो तेव्हा खिडकीची सीट मागून घेतो, खिडकीची झडप खाली ओढतो आणि उतरेपर्यंत डोळे मिटून बसतो. हे गिऱ्हाइकांना कधी कळू दिलं नाही.

आता मोबाइलवर सगळे आपली तिकिटं आपणच काढतात. दुकानाचा पुढचा भाग मी झेरॉक्सवाल्याला दिला आहे आणि मागच्या भागात मी आणि एक पंखा बसतो. तरी लोक येतात. कोणाच्या तिकिटावर नाव चुकलेलं असतं, कोणाची आई पहिल्यांदा एकटी चाललेली असते, आणि कोणाला नुसतं विचारायचं असतं, की किती वेळ लागते.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात विचारण्यासारखं काय आहे? आहे. विमानाचा एक टाइम असतो आकाशातला. दुसरा असतो तिकिटावरचा, त्यात दार लागल्यावर विमान जमिनीवर रांगत जाते, आपला नंबर यायची वाट पाहते, उतरल्यावर पुन्हा रांगत येते, ते सगळं धरलेलं असतं. आणि घरातून निघाल्यापासून ज्या घरी जायचं त्या घरी पोचेपर्यंतचा जो खरा टाइम, तो कुठेच छापलेला नसतो. तो सांगायला म्हणून मी बसलो होतो. सुरुवातीची काही वर्षं तो मलाही माहीत नव्हता, पण मी सांगायचो.

अंतराचंही तसंच. दुकान टाकलं तेव्हा मी शाळेचा नकाशा भिंतीवर लावला होता. कोणी विचारलं की नागपूरच्या विमानतळावर पट्टी ठेवायची, दुसरं टोक पुण्याच्या नाहीतर दिल्लीच्या विमानतळावर, सेंटिमीटर मोजायचे आणि गुणाकार करून ठोकून द्यायचं. पृथ्वी गोल आहे हे मला शाळेत शिकवलं होतं, पण धंद्यात मी ते कधी वापरलं नाही. गिऱ्हाइकांनीही कधी तक्रार केली नाही. एकच गिऱ्हाईक त्या पट्टीपायी गेलं, ते जामचं.

जाम हे नागपूर-हैदराबाद हायवेवरचं गाव, तिथे त्याचा धाबा आहे. त्याला हैदराबादला साळ्याकडे जायचं होतं. मी सांगितलं, नागपूरहून रस्त्याने पाचशेच्या आसपास किलोमीटर आहे, विमानाने सव्वाचारशे. त्याने आधी विचारलं, की मधले कुठे गेले? ते मी समजावलं. रस्ता वळणं घेतो, विमान घेत नाही. मग तो नकाशाजवळ गेला.

"सुधाकरभाऊ, माह्या जामपासून हैदराबाद कोन्या अंगाले हाय?"

"खाली. दक्षिणेला."

"अन् नागपूर?"

"वर."

"मंग मले खाली जायचं हाय तं तुमी मले वर काऊन धाडून राह्यले?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला ज्ञान दाखवायची खाज. मी पट्टी ठेवली आणि मोठ्या कौतुकाने म्हणालो, "हे पाहा, विमान तर तुमच्या धाब्यावरूनच जाते."

त्याने पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हनजे मी पह्यले नागपूरले उलटा जाऊ, तिथं दोन तास बसू, अन् मंग माह्याच धाब्यावरून उडत जाऊ. अन् त्याचे पैसे तुमाले देऊ?"

तो त्याच दिवशी बसने गेला. अजूनही वर्ध्याला आला की दुकानात डोकावतो आणि सांगतो, "काल तुमचं विमान वरून गेलं जी. लेट होतं." धाब्यासमोर खाटेवर पडून तो माझी विमानं तपासत असतो.

अशी गिऱ्हाइकं हसण्यावारी जातात. पण माझ्या धंद्याचा एक भाग असा आहे, जो दुकान टाकताना माझ्या स्वप्नातही नव्हता.

आमच्याकडे अंत्यविधीला माती म्हणतात. जाळलं तरी माती आणि पुरलं तरी मातीच. कोणी गेलं की पहिला प्रश्न, "माती किती वाजता हाय?" पूर्वी याचं उत्तर घरातले मोठे देत. आता प्रत्येक घरातलं एक पोर पुण्याला, बंगलोरला नाहीतर त्याच्याही पलीकडे आहे. ते आल्याशिवाय उचलता येत नाही, आणि ते कधी येणार हे मोठ्यांना सांगता येत नाही. मग कोणीतरी म्हणतं, तिकीटवाल्या सुधाकरला विचारा. मी सांगतो, त्यावर माती ठरते, आणि मग गावोगावी फोन जातात. लग्नाच्या पंगतीत माझा मोबाइल वाजला तर आजूबाजूचे लोक घास हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहतात. मी एअर टिकिटिंगचा सर्टिफिकेट कोर्स केला आहे. त्यात हे नव्हतं.

पहिल्यांदा तर मी सपशेल आपटलो. हिंगणघाटहून फोन आला, मुलगा दिल्लीला आहे, कधी पोचेल? मी सवयीने तिकिटावरचा टाइम सांगितला. त्यांनी त्यात गाडीचा वेळ मिळवला आणि माती सांगून मोकळे झाले. ओळखीचं घर, म्हणून मीही गेलो. मुलगा पोचायला दिवस कलला. तोवर मांडवातली सगळी माणसं माझ्याकडे अशी पाहत होती, की जणू लग्नाचा भात मीच करपवला. शेवटी मुलगा आला तो गळ्यात प्रवासाची ती वाकडी उशी घालूनच. रडण्याच्या भरात ती काढायची राहिली. लिहू नये, पण खांदा देताना ती त्याला कामी आली.

तेव्हापासून मी हिशेब बदलला. दीड तासाचं विमान म्हणजे अर्धा दिवस, असंच सांगायचं. लोकांना ते पटत नाही. "दीड तासाले अर्धा दिवस कसा काय लागते?" म्हणतात. पण माती वेळेवर होते, आणि मला मांडवात चहा मिळतो.

हे इतकं शहाणपण आल्यावर ताकसांडे भाऊंची माती आली.

नामदेव ताकसांडे वर्ध्याला लागूनच असलेल्या बोरगाव मेघेत माझ्याच गल्लीत राहायचे. पाणीपुरवठ्यात फिटर होते. आमची ओळख माझ्या घरच्या गळक्या नळामुळे झाली आणि चहामुळे टिकली. ते बौद्ध, विहाराच्या कामात पुढे असणारे. मी कुणब्याचा, कुठल्याच कामात पुढे नसणारा. रोज संध्याकाळी ते दुकानात येऊन बसत आणि आज कोण कुठे गेलं ते विचारत. त्यांना एकच मुलगी, पौर्णिमा. ती कोचीला, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. भाऊ चारचौघांत ठणकावून सांगायचे, "माही माती माही पोट्टीच करन. पुतण्या-बितण्या कोनी पुढं याचं नाई."

मे महिन्यात एका पहाटे ते झोपेतच गेले. मी धावत गेलो तेव्हा वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"सुधाकरभाऊ, पौर्णिमा येईस्तोवर तिच्या बाबाले उचलू देऊ नोका. मी बाईमानूस, माहं कोन ऐकन? तुमी ऐकवा."

"नाही उचलू देत," मी म्हणालो. मी हात दाखवला तर ऑटोसुद्धा थांबत नाही, आणि मी हे कबूल करून बसलो.

घरी येऊन कॉम्प्युटर लावला. तो सुरू होईपर्यंत पौर्णिमाने कोचीतून स्वतःच तिकीट काढून माझ्या मोबाइलवर पाठवलंही होतं. म्हणजे जे एक काम मला येतं, त्यातही माझी गरज पडली नाही. कोची ते बंगलोर तासाभराचं विमान, बंगलोर ते नागपूर पावणेदोन-दोन तासांचं. पण या दोघांच्या मध्ये बंगलोरच्या विमानतळावर नुसतं बसून राहणं होतं, आणि ते बसणं दोन्ही विमानांहून मोठं होतं. मी सगळ्या कंपन्या धुंडाळल्या. त्याच्या आधी पोचवणारं एकही विमान नव्हतं. ती वर्ध्याला पोचणार ती अगदी दिवस बुडता बुडता.

मी परत गेलो तर माती ठरली होती. ठरवणारे होते जमादार साहेब, भाऊंचे थोरले चुलतभाऊ. पोलिसातून निवृत्त झालेले, आवाज अजून ड्युटीवर. त्यांनी मला समोर उभं केलं.

"विमान किती तासाचं हाय?"

"दोन्ही मिळून तीन तासांचं."

"दहाले निघते ना पोट्टी? म्हनजे एकले नागपूर. पुढं गाडी. अडीच धर. मी सगळ्यायले चारचं सांगतलं. लय झालं."

इथे मी बंगलोरचं बसणं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर काय झालं असतं, तेही मला तिथेच ऐकू येत होतं. मयत ठेवायची वर्ध्यातली थंड पेटी त्या दिवशी दुसऱ्या घरी गेली होती. बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या आणि ऊन असं होतं की लादी आणणाऱ्याचे पाय ओले होत होते. भाऊंचे पुलगावचे जावई, म्हणजे चुलत बहिणीचे नवरे, म्हणतच होते, "एवढ्या उन्हात ठेवू नोका. पोट्टीले व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवून द्या, अन् आटपा."

"मोबाइलवर नाई," जमादार साहेब म्हणाले, आणि तो विषय तिथे थांबला.

पण चार म्हणजे चार, हेही त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. सकाळीच खरं कळलं असतं तर कोणी थांबलं नसतं. मी म्हणालो, "बरोबर आहे, जमादार साहेब. चारला होते." आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब ड्युटी सुरू झाली.

दुपारी पौर्णिमाचा बंगलोरहून फोन आला.

"काका, मी इथं नुसती बसून आहे. सगळ्या काउंटरवर विचारलं. दुसरं विमानच नाई म्हणतात. काका, बाबाले ठेवा हो."

"तू बस बेटा. मी आहे इकडे."

फोन ठेवला आणि मी घराच्या मागच्या बाजूला जाऊन रडलो. मग तोंड धुऊन पुढे आलो, कारण जमादार साहेबांनी हाक मारली होती.

"उडालं?"

"उडालं. बंगलोरात थोडं लेट झालं," मी म्हणालो. विमान अजून बंगलोरात आलंही नव्हतं.

खोटं बोलायला अभ्यास लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मांडवातला प्रत्येक माणूस भूगोलाचा मास्तर झाला होता. आता कुठं असन? किती वर असन? खाली पाहून दिसत असन काय? मी विमान हळूहळू आणायचं ठरवलं, पण भीतीने ते भराभर येऊ लागलं. मी ते हैदराबादवर आणलं. मग आदिलाबादवर आणलं. अर्ध्या तासाने कोणी विचारलं तर घाबरून पुन्हा हैदराबादवर नेलं, आणि एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "वापस काऊन गेलं?" मी म्हणालो, वारा आहे.

मधेमधे जमादार साहेब खिशातून मोबाइल काढून पाहत आणि ठेवून देत. ते घड्याळ पाहतात असं मला वाटत होतं. त्यांनी मोबाइल काढला की मी विमान आणखी थोडं पुढे सरकवायचो.

चार वाजायला आले तेव्हा माझं विमान नागपूरवर पोचलेलं होतं आणि खरं विमान हैदराबादपर्यंतही आलं नव्हतं. पुलगावचे जावई उठून उभे राहिले. "चला मंग. नागपुरात आली ना? उतरली काय?"

"उतरायला जागा नाही," मी म्हणालो. "विमान वर फेऱ्या मारून राहिलं आहे."

"जागा नाई म्हनजे?"

"म्हणजे... धुकं आहे."

मी हे का बोललो ते मला आजही सांगता येत नाही. टीव्हीवर दिल्लीच्या बातम्यांत ऐकलेला शब्द असावा, तो तोंडातून निघून गेला. वर्ध्यातला मे महिना. मांडवातली माणसं डोक्यावर ओले दुपट्टे घेऊन बसलेली. कुत्रं टाक्याखालच्या ओलीत पसरलेलं. सगळ्यांनी एकदम आभाळाकडे पाहिलं, आणि आभाळाकडे पाहवत नव्हतं इतकं ते तापलेलं होतं. मला वाटलं, संपलं. आता हे मला आधी उचलतील आणि मग भाऊंना.

"धुकं?" जावई म्हणाले. "ह्या उन्हात?"

"वर असते," जमादार साहेब म्हणाले.

त्यांच्या आवाजात असा काही वजनदारपणा होता, की दोन-चार जणांनी मान हलवली. जावई काही बोलायला गेले, तर साहेबांनी हात वर केला. "बसा. माती मी सांगतली हाय. उचला तं मीच म्हनन."

मी मनात म्हटलं, बरं झालं, जमादाराला विमानातलं काही कळत नाही. माझ्या पट्टीला, नकाशाला आणि कोर्सला त्या दिवशी पहिल्यांदा किंमत आली असं मला वाटलं. मी जरा ताठ उभा राहिलो. विमानाला आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या.

शेवटी मुन्नाचा फोन आला. मुन्ना माझा नेहमीचा ड्रायव्हर, तो नागपूर विमानतळावर गाडी घेऊन उभा होता. "भाऊ, ताई बाहेर आली. निघालो." तिच्याजवळ खांद्यावरच्या एका पिशवीशिवाय काही नव्हतं. मी मांडवात सांगितलं, सामान यायला उशीर लागला. मग गाडीतलं खोटं सुरू झालं. ते सोपं होतं, त्यात आपण सगळेच तयार आहोत. गाडी विमानतळाच्या बाहेर होती तेव्हा मी बुटीबोरी सांगितलं. बुटीबोरीला आली तेव्हा सेलू. सेलूला आली तेव्हा पवनार. बोरगावात खरोखर वळली तेव्हा सांगायला पुढचं गाव उरलं नाही, म्हणून मी गप्प बसलो.

ती आली. चपला कुठे काढल्या तिला कळलं नाही. वहिनींच्या गळ्यात पडली, मग भाऊंच्या पायाशी बसली आणि त्यांचे तळवे दोन्ही हातांनी चोळू लागली, जसे थंडीत चोळतात. जावई घड्याळाकडे पाहायला लागले. जमादार साहेब हळू म्हणाले, "बसू द्या तिले."

बसू दिलं. मग उचललं. पौर्णिमा पुढे होती. स्मशानात त्रिशरण, पंचशील झालं आणि तिने अग्नी दिला, तेव्हा झाडांच्या मागे उजेड थोडासा उरलेला होता. तिचा हात हलला नाही. मी फक्त पाण्याची बाटली धरून उभा होतो. भाऊंचा शब्द राहिला याचा मला इतका आनंद झाला की मला त्याची लाज वाटली.

लोक पांगायला लागले. जमादार साहेबांनी मला स्मशानाच्या नळाजवळ बोलावलं. मला वाटलं, पाठ थोपटणार. त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला.

"हे पाह्य."

नकाशा होता. त्यावर बारकी बारकी पिवळी विमानं सरकत होती. एकावर बोट ठेवलं की कुठून निघालं, कुठे चाललं, सगळं येत होतं. माझ्या दुकानात जी गोष्ट सांगायला मी आयुष्य घालवलं, ती त्या काचेवर फुकट चालली होती.

"नातीनं मोबाइलात टाकून देलं. विमानाचा नंबर मी पौर्णिमाले सकाळीच मागतला होता."

"सकाळीच?" मी विचारलं. "म्हणजे दुपारी मी उडालं म्हणालो तेव्हा..."

"ते बंगलोरातबी नोहतं. तू आदिलाबादले नेलतं त्याले. मंग वापस धाडलं."

"मग बोलले काऊन नाही, साहेब?" माझी भाषाही घसरली.

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "मी चार सांगून चुकलो होतो. मंग नंबर टाकून पाह्यला, तं पोट्टी दिवस बुडता येनार. जनम पोलिसात गेला माहा. माहा टाइम मीच मोडला असता तं लोक म्हनले असते, घरच्याच्या मातीले जमादार बदलला. तू मोडला. तुले कोन काय म्हनते?"

हे खरं होतं. मला कोणी काही म्हणत नाही. मी दिवसभर ज्याला फसवत होतो तो माणूस दिवसभर मला सांभाळून घेत होता, आणि मी ताठ उभा राहिलो होतो.

मी निघायला वळलो, तर ते म्हणाले, "थांब."

त्यांचा मुलगा राजू टोरंटोला असतो. त्याचं पहिलं तिकीट मीच काढलं होतं आणि साहेबांनी तेव्हा दुकानात पेढे वाटले होते. राजूची आई गेली तेव्हा त्याला पोचता आलं नाही. कोणीतरी मोबाइल वर धरून उभं होतं आणि त्यात राजूचं तोंड होतं. त्या दिवशी साहेब त्या मोबाइलकडे एकदाही पाहत नव्हते, हे मला तिथे नळाजवळ आठवलं.

"सुधाकर, माह्या टायमाले असं काही करू नोको," ते म्हणाले. "लोकायले उन्हात बसवू नोको. टाइम सांगजो अन् उचलजो. त्याले नाई जमनार."

"येते ना जी," मी म्हणालो. "काऊन नाही येणार? आता विमानं लय झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "लय झाली."

दिवसभर माझं ऐकून घेतलं होतं, तसंच हेही त्यांनी ऐकून घेतलं, आणि नळ सोडून हात धुवायला लागले.